स्फोट संपल्यावर येणारा उजेड

मॅग्नेटारचा साधा स्फोट सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो. २२ जानेवारी २००९ रोजी दक्षिण आकाशातल्या नॉर्मा तारकासमूहातल्या एका मॅग्नेटारने काही तासांत असे दोनशेहून अधिक स्फोट केले, आणि त्यांतल्या एका जबर स्फोटाचा उजेड पुढचे दोन आठवडे आपल्याकडे येत राहिला. तारा त्या स्फोटातून केव्हाच मोकळा झाला होता. मागाहून येणारा उजेड खोटा नव्हता. तो थोडी वाट वाकडी करून आला होता, इतकंच.

त्या ताऱ्याचं नाव १ई १५४७.०-५४०८. (खगोलशास्त्रज्ञांच्या नामकरणाला नावं ठेवायला भरपूर जागा आहे, मी त्याला नुसतं १५४७ म्हणणार.) माझा पेशा संगणकाचा, पण रात्री जेवणं उरकली की दुर्बिणींनी काय पाहिलं याची ताजी टिपणं वाचायची सवय फार जुनी. स्विफ्ट या अवकाश-दुर्बिणीची निरीक्षणं कुणालाही उतरवून घेता येतात. १५४७ची त्या जानेवारीतली क्ष-किरण चित्रं मी एकामागून एक लावून पाहिली, तेव्हा मधल्या ठिपक्याभोवती एक पुसट कडं दिसलं. पुढच्या दिवसाच्या चित्रात ते मोठं झालेलं, त्यापुढच्यात आणखी मोठं आणि आणखी फिकट. नीट पाहणाऱ्यांनी तिथे तीन कडी मोजली आहेत. माझ्या डोळ्यांना एकच धड दिसलं, पण तेवढ्यावर माझी त्या रात्रीची झोप गेली.

मॅग्नेटार म्हणजे न्यूट्रॉन तारा (मोठ्या ताऱ्याच्या मरणानंतर आकसून उरलेला गाभा), पण कमालीच्या चुंबकीय क्षेत्राचा. पुणे शहराच्या हद्दीत मावेल एवढा, साधारण २० किलोमीटर व्यासाचा गोळा, वजन सूर्यापेक्षा जास्त, आणि चुंबकीय क्षेत्र १०चा १४वा किंवा १५वा घात गॉस. आपल्या पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास. हे क्षेत्र पीळ घेतं, ताऱ्याच्या कवचावर ताण येतो, आणि कधीतरी तो मोकळा होतो. तेव्हा क्ष-किरण आणि गॅमा किरण उसळतात. असे तारे आजवर जेमतेम तीसेक सापडले आहेत आणि बहुतेक सगळे आकाशगंगेच्या प्रतलात आहेत. सगळी अडचण याच पत्त्यात आहे, कारण धूळही त्याच प्रतलात आहे.

अंधाऱ्या रात्री गावाकडून आकाशगंगा पाहिली तर तिच्या मधोमध काळे पट्टे दिसतात. तिथे तारे नाहीत असं नाही. मध्ये धूळ आहे. सिलिकेटचे आणि कार्बनचे कण, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान. ताऱ्यांमधल्या वायूच्या मानाने या धुळीचं वजन शंभरात एक. दृश्य प्रकाशाला ही धूळ सरळ अडवते. क्ष-किरणांशी तिचं वागणं वेगळं. कमी ऊर्जेचे क्ष-किरण वायू आणि धूळ मिळून गिळून टाकतात. किरणांची ऊर्जा किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात, आणि १५४७सारख्या ताऱ्याकडून १ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालचं जवळजवळ काहीच पोचत नाही. त्याहून थोडे ताकदवान किरण कणाच्या आरपार जातात, पण जाताना किंचित वळतात. किंचित म्हणजे अंशाचाही छोटा भाग. पंचांगातली जुनी मापं इथे चपखल बसतात: अंशाचे साठ भाग म्हणजे कला, कलेचे साठ भाग म्हणजे विकला. पौर्णिमेचा चंद्र साधारण ३० कला रुंद. एका मायक्रॉनच्या (म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या भागाएवढा कण १ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या किरणाला साधारण दहा कला वळवतो. ऊर्जा दुप्पट केली की हे वळण निम्मं होतं, आणि मुळात वळण्याची शक्यता चौथाईवर येते.

घाटात धुकं उतरलं की रस्त्यावरच्या दिव्याभोवती उजेडाचं खळं पडतं. दिवा विझला की खळंही त्याच क्षणी विझतं, कारण दिवा आणि आपण यांच्यात हाकेचं अंतर. आता तेच धुकं हजारो प्रकाशवर्षांवर न्या. दिवा एकदा लखकन् पेटून विझला, तर सरळ आलेला उजेड आधी पोचेल आणि कडेने वळून आलेला मागाहून. जो जास्त कडेने आला तो जास्त उशिरा. म्हणून खळ्याऐवजी कडं दिसतं, आणि कडं वाढत जातं.

एक हिशोब मी स्वतःच्या समाधानासाठी करून पाहिला. तारा १४,००० प्रकाशवर्षांवर आणि धुळीचा ढग बरोबर मध्यावर धरा. ताऱ्यापासून एक कला बाजूला दिसणारा उजेड त्या ढगात थेट रेषेपासून दोन प्रकाशवर्षं बाजूला जाऊन वळलेला असतो. दोन प्रकाशवर्षं! तरीही सरळ आलेल्या उजेडापेक्षा तो किती मागे पडतो? फक्त पाच तास. वाट इतकी लांब आहे की एवढ्या वाकडेपणाचा तिला पत्ताच लागत नाही. दोन कलांसाठी वीस तास, पाच कलांसाठी पाच दिवसांहून थोडं अधिक. उशीर हा कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून कडं सुरुवातीला भराभर फुगतं आणि मग रेंगाळतं. पाच तासांत दोन प्रकाशवर्षं पसरणारं हे कडं प्रकाशापेक्षा वेगाने धावतंय असं वाटतं. प्रत्यक्षात धावत काहीच नाही, वेगवेगळ्या ठिकाणांची धूळ आपापल्या पाळीने उजळते.

कल्पना नवीन नाही. धूळ क्ष-किरणांना विखुरेल हे जेम्स ओव्हरबेक यांनी १९६५ मध्ये मांडलं. बदलत्या तेजाच्या ताऱ्याचं अंतर या उशिरावरून काढता येईल, हे ट्र्युम्पर आणि शेनफेल्डर यांनी १९७३ मध्ये लिहिलं. तेव्हा असं खळं दाखवू शकेल अशी क्ष-किरण दुर्बीणच अवकाशात नव्हती. पहिलं खळं आइन्स्टाइन वेधशाळा या क्ष-किरण उपग्रहाच्या चित्रात सापडलं आणि त्यावरचा निबंध १९८३ मध्ये आला.

कड्यांचं कौतुक होतं ते रास्तच. पण मला जास्त रस आहे तो कडं दिसायच्या आधीच्या वेळात.

वरचाच हिशोब उलटा फिरवा. स्फोटानंतर एका सेकंदाने येणारा धुळीचा उजेड ताऱ्यापासून किती बाजूला दिसेल? अर्ध्या विकलेहूनही कमी. शंभर सेकंदांनी येणारा, साडेचार विकला. पंधरा मिनिटांनी येणारा, तेरा विकला. स्विफ्टच्या क्ष-किरण दुर्बिणीत एका बिंदूचा निम्मा उजेडच मुळी १८ विकला रुंदीच्या वर्तुळात पसरतो. म्हणजे पहिल्या पाव तासात धुळीने लांबवलेला उजेड ताऱ्याच्या ठिपक्यातच मिसळलेला असतो. चित्र कितीही ताणून पाहा, तो वेगळा काढता येत नाही. आलेख काढला तर दिसतं एवढंच, की स्फोट झाला, एकदम खाली आला, आणि मग एक लांब शेपूट हळूहळू विझत गेलं.

हे शेपूट कुणाचं?

मॅग्नेटारच्या स्फोटानंतर ताऱ्याच्या पृष्ठभागाचा एखादा तुकडा तापून राहू शकतो आणि मिनिटांमिनिटांनी निवत जाऊ शकतो. निवता निवता त्याचा उजेड कमी होतो आणि किरणांची सरासरी ऊर्जाही उतरते. तापलेल्या कवचाची खोली, त्याची उष्णता धरून ठेवायची ताकद, असलं बरंच काही त्या शेपटावरून काढता येतं, म्हणून सिद्धांतवाल्यांना शेपटं प्रिय. आता धुळीकडे पाहा. जसा वेळ जातो तसा धुळीचा उजेड जास्त कोनातून येतो. जास्त ऊर्जेचे किरण जास्त वळत नाहीत, म्हणून ते आधी संपतात, आणि मागे कमी ऊर्जेचे उरतात. म्हणजे धुळीचा उजेडही कमी होत जातो आणि त्याचीही सरासरी ऊर्जा उतरत जाते. निवणारा तारा आणि काहीही न करणारी धूळ, दोघं आलेखावर जवळजवळ सारखेच दिसतात. तपासाच्या दृष्टीने याहून वाईट जुळे असू शकत नाहीत.

सुटका अगदीच नाही असं नव्हे. पहिली खूण ठेक्याची. १५४७ दर दोन सेकंदांच्या आसपास एक फेरी घेतो, आणि तापलेला तुकडा समोर आला की उजेड वाढतो, मागे गेला की घटतो. धुळीतून आलेल्या उजेडात वेगवेगळ्या उशिराचे किरण मिसळलेले असतात, त्यामुळे दोन सेकंदांचा ठेका त्यात पार धुऊन जातो. शेपटात ठेका टिकला असेल तर तारा बोलतोय. ठेका पातळ झाला असेल तर धूळ मध्ये पडली आहे. मात्र ही खूण दुधारी आहे. स्फोटानंतर ठेका पातळ झाला म्हणून कुणी ताऱ्याच्या पृष्ठभागावर काय बदललं याचे तर्क लढवायला लागला, तर आधी त्याने धुळीचा स्थिर उजेड वजा केला का, हे विचारायला हवं.

दुसरी खूण मला जास्त आवडते, कारण ती व्यवहारी आहे. धूळ काही ताऱ्याचा मूड पाहून वागत नाही. एकाच ताऱ्याच्या वाटेवरची धूळ तीच, म्हणून प्रत्येक स्फोटातला ठरावीक वाटाच ती मागे ठेवून घेणार आणि ठरावीक पद्धतीने परत करणार. लहान स्फोटाचं शेपूट लहान, मोठ्याचं त्याच पटीत मोठं. एखाद्या स्फोटाचं शेपूट या पटीच्या बाहेर गेलं, तर तिथे तारा स्वतः काही करतोय असं म्हणायला जागा आहे. एकुलत्या एका स्फोटाच्या शेपटावरून कवचाच्या खोलीपर्यंत पोचणारे निबंध वाचताना मी म्हणूनच सावध असतो.

धुळीचा हा त्रास सगळ्या उपकरणांना सारखा नाही. अ‍ॅस्ट्रोसॅट या आपल्या उपग्रहावर (तो २८ सप्टेंबर २०१५ला गेला) सीझेडटीआय नावाचं उपकरण आहे. त्यामागे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचे हात आहेत. ते २० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचं बघतं. त्या ऊर्जेला धुळीचा परिणाम १ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मानाने चारशे पटींनी कमी. या उपकरणाच्या दृष्टीने आकाशगंगा धुवून पुसून स्वच्छ आहे. त्याच उपग्रहावरची, टाटा संस्थेतच घडलेली एसएक्सटी दुर्बीण मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण बघते, तिला मात्र धुळीशी गाठ आहे, आणि तिची प्रतिमा काही कला पसरत असल्याने खळं वेगळं काढायची सोयही नाही. एकाच उपग्रहावरच्या दोन उपकरणांना एकच स्फोट वेगळ्या लांबीचा वाटू शकतो.

मग २००९ची ती कडी एवढी मोलाची का? एक कारण ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो होतो. तो जबर स्फोट झाला त्या क्षणी कुठलीही मऊ क्ष-किरण दुर्बीण १५४७कडे बघत नव्हती. जास्त ऊर्जेची उपकरणं बघत होती, ती दिपून गेली. स्विफ्टची दुर्बीण तिकडे वळली तोवर स्फोट होऊन गेलेला. स्फोटाचे मऊ क्ष-किरण किती होते हे पाहण्याची संधी सरळ वाटेने हुकली होती, आणि धुळीने ती पुन्हा दिली. कड्याची त्रिज्या दिवसागणिक कशी वाढली हे मागे फिरवत नेलं की २२ जानेवारीच्या सकाळपर्यंत पोचता येतं, आणि कड्याच्या तेजावरून मूळ स्फोटाची ऊर्जा मोजता येते. तिएंगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ती मोजली: १०चा ४४वा ते ४५वा घात अर्ग (अर्ग हे ऊर्जेचं एकक). त्यांच्या मते मागे ठेक्याचं लांब शेपूट न सोडणाऱ्या मॅग्नेटार-स्फोटांमध्ये तोवर दिसलेला हा सर्वांत तेजस्वी.

अंतराचं प्रकरण मात्र लोक सांगतात तितकं सरळ नाही. ‘कड्यावरून अंतर कळतं’ असं एका वाक्यात उरकलेलं मी अनेकदा वाचलं आहे. कडं किती वेगाने वाढतं यावरून धुळीचं आणि ताऱ्याचं अंतर एकमेकांत गुंतलेलं असंच हाती येतं. जवळचा तारा आणि अमुक ठिकाणची धूळ, किंवा लांबचा तारा आणि तमुक ठिकाणची धूळ, दोन्ही जोड्या तेच कडं काढून दाखवतात. गाठ सोडवायची तर कडं कोणत्या ऊर्जेला किती झपाट्याने फिकटतं हे पाहावं लागतं, आणि ते कणांच्या आकारावर ठरतं. मोठे कण थोडंच वळवतात आणि उजेडाचा मोठा वाटा तेच उचलतात. थोडक्यात, हजारो प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचं अंतर सांगायला मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढ्या कणाची कुंडली लागते. तिएंगो यांच्या गटाने धुळीचे निरनिराळे नमुने, म्हणजे कण कशाचे आणि केवढे याची गृहीतकं, लावून पाहिले. काही साफ बाद झाले. उरलेल्यांत तारा साधारण १३,००० ते २६,००० प्रकाशवर्षांमध्ये कुठेही बसत होता. सर्वांत चांगल्या नमुन्याने १२,७०० प्रकाशवर्षांच्या आसपासचं अंतर दिलं, आणि तीन ढग ७,२००, ८,५०० आणि ११,१०० प्रकाशवर्षांवर ठेवले. कार्बन मोनॉक्साइडच्या रेडिओ निरीक्षणांतून त्या दिशेला धुळीचे ढग जिथे असावेत असं दिसतं, त्याच्याशी हे जुळलं. पण तारा १६,००० प्रकाशवर्षांच्या जवळपास ठेवणारे दुसरे नमुनेही रेडिओ ढगांशी जुळतच होते. त्यांनी हे निबंधाच्या सारांशातच कबूल केलं आहे, आणि मला त्या निबंधाचा सर्वांत भरवशाचा भाग तोच वाटतो.

दूरच्या गॅमा-किरण स्फोटांना ही गाठ पडत नाही. ९ ऑक्टोबर २०२२चा प्रचंड स्फोट दुसऱ्या दीर्घिकेतला, म्हणजे आपल्या धुळीच्या मानाने अनंतावरचा. तिथे ताऱ्याचं अंतर गणितातून निघूनच जातं आणि धुळीचं अंतर निखळ मिळतं. त्या एका स्फोटाने एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीला वीस कडी दाखवली. सुमारे १,००० प्रकाशवर्षांपासून ६१,००० प्रकाशवर्षांपर्यंतची धूळ एका दमात मोजून झाली. मॅग्नेटारची धूळ आणि मॅग्नेटार शेजारीशेजारी राहतात, त्यामुळे तिथे असा चोख व्यवहार होत नाही.

आणि अंतरावर किती काय काय अडून राहतं! एसजीआर १९३५+२१५४ हा मॅग्नेटार २७ एप्रिल २०२० रोजी स्फोटांचा वर्षाव करू लागला. त्या दिवशीच्या एका मोठ्या स्फोटाचं धुळीतलं कडं स्विफ्टने टिपलं. दुसऱ्या दिवशी, २८ एप्रिलला, त्याच ताऱ्याकडून क्षणभराचा एक प्रखर रेडिओ स्फोट आला. कॅनडातल्या चाइम आणि अमेरिकेतल्या स्टेअर-२ या दुर्बिणींनी तो पकडला, आणि त्याच वेळेचा क्ष-किरण स्फोट इंटिग्रल, चीनच्या इनसाइट-एचएक्सएमटी आणि इतर उपग्रहांनी नोंदला. आपल्या आकाशगंगेतून आलेला असा हा पहिलाच वेगवान रेडिओ स्फोट. जगभर टाळेबंदी होती, आम्ही घरात बसून होतो, आणि रात्री-बेरात्री येणारी टिपणं वाचताना मला बातम्यांचा विसर पडायचा. सगळ्यांचा डोळा रेडिओ स्फोटावर. आदल्या दिवशीच्या कड्याकडे फार जणांनी पाहिलं नाही. पण तो रेडिओ स्फोट दूरच्या दीर्घिकांतल्या स्फोटांच्या मानाने किती दुबळा, हे ठरवायला ताऱ्याचं अंतर हवं, आणि ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अंतर दुप्पट धरलं की ऊर्जा चौपट. मेरेगेत्ती आणि सहकाऱ्यांनी कड्यावरून अंतर काढलं ते सुमारे १४,००० प्रकाशवर्षं, आणि चूक-भूल धरून १०,००० पासून २३,००० पर्यंत काहीही. त्या रुंद पट्ट्याच्या दोन टोकांमध्ये ऊर्जेचा फरक पाचपट पडतो.

हा आकडा नेमका नाही म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. २७ डिसेंबर २००४च्या एसजीआर १८०६-२०च्या महास्फोटाने पृथ्वीच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, खळबळ केली होती. त्याच्या मागे उरलेली रेडिओ झळाळी पाहणाऱ्या दुर्बिणींत आपली खोडदची जीएमआरटीही होती. रेडिओ लहरींना धुळीचं काही देणंघेणं नाही. तरीही वाटेतल्या हायड्रोजनच्या खुणांवरून तेव्हा निघालेलं अंतर २१,००० ते ३२,००० प्रकाशवर्षं इतकं सैल होतं, आणि त्यावर वादही झाले. मॅग्नेटारांची अंतरं अशीच असतात.

मला खटकतं ते दुसरंच. स्फोटाच्या बातमीनंतर दुर्बिणी तिकडे वळतात, तारा शांत झाला की दुसऱ्या कामाला लागतात. वेळ मोजूनमापून वाटलेला असतो, त्यांचंही बरोबर. पण धुळीचा हिशोब तर तिथूनच सुरू होतो. पहिल्या तासात शेपूट आणि ठिपका एकमेकांत गुंतलेले असतात. कडं सुटं होऊन दिसायला लागतं ते नंतर, आणि त्या सुट्या कड्यावरून वाटेवर धूळ किती हे मोजलं, तरच मागे जाऊन पहिल्या तासातली धूळ वजा करता येते. आठवडाभर थोडा थोडा वेळ दिला तर शेपटावरचे अर्धे वाद मिटतील असा माझा बाहेरच्या माणसाचा अंदाज आहे. तोवर मॅग्नेटारवरचा नवा निबंध उघडला की मी आकृत्यांकडे नंतर जातो. आधी अंतर किती धरलंय ते शोधतो, मग शेपटातून धूळ काढली आहे की नाही ते. पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एखाद्या तळटीपेत असतं.